एका नगाची छपाई

टी-शर्टवर चित्र छापून घ्यायला गेलं की छपाईवाला पहिल्यांदा विचारायचा, ‘नग किती?’ चित्र कसं आहे, कुणी काढलंय, हे नंतर. त्याचंही बरोबरच होतं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी जाळीची वेगळी चौकट लागते. तिच्यावर लेप चढवायचा, फिल्म ठेवून ती प्रकाशात धरायची, धुवायची, वाळवायची आणि मग सगळ्या चौकटी एकमेकींशी तंतोतंत जुळवायच्या. हा खटाटोप एका टी-शर्टसाठी केला काय आणि पाचशेंसाठी केला काय, खर्च तोच. म्हणून दहा-वीस नगांच्या कामाला सहसा कुणी हात लावत नसे. चित्रकाराची खरी पंचाईत त्यापुढे सुरू व्हायची. स्मॉलपासून डबल एक्सएलपर्यंत पाच मापं आणि काळा, पांढरा, मरून असे तीन रंग धरले, तर एका चित्राचे पंधरा प्रकार होतात. प्रत्येकी वीस म्हटले तरी तीनशे टी-शर्ट घरातल्या दिवाणाखाली. त्यातले मीडियम आणि लार्ज संपतात, स्मॉल आणि डबल एक्सएल उरतात, आणि पुढची दोन वर्षं भाचेमंडळींच्या वाढदिवसाला तेच दिले जातात.

प्रिंट ऑन डिमांड या पद्धतीत नगांचा प्रश्नच उरत नाही. तुम्ही चित्राची फाइल एका संकेतस्थळावर चढवता. तिथे ते चित्र टी-शर्टवर, मगवर, कापडी पिशवीवर, मोबाइलच्या कव्हरवर छापल्यासारखं दिसू लागतं, पण तो मग किंवा तो टी-शर्ट अजून कुठेही अस्तित्वात नसतो. कुणीतरी ऑर्डर देतं आणि पैसे भरतं, त्यानंतर कुठल्यातरी छापखान्यात कोरा टी-शर्ट मांडणीवरून खाली येतो, छापला जातो, घडी होऊन पाकिटात जातो आणि गिऱ्हाइकाच्या दारात पोचतो. टी-शर्ट, छपाई आणि पाठवणी यांचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम चित्रकाराच्या खात्यात येते. त्याने त्या टी-शर्टला हातही लावलेला नसतो.

या पद्धतीची सुरुवात पुस्तकांपासून झाली. अमेरिकेतल्या इन्ग्रम या पुस्तक वितरक कंपनीने १९९७ मध्ये मागणीनुसार एकेक प्रत छापून देणारी शाखा काढली. १९९९ मध्ये कॅफेप्रेसने तीच युक्ती मग आणि टी-शर्टला लावली. जर्मनीत लाइपझिगला २००२ मध्ये स्प्रेडशर्ट निघाली, मेलबर्नला २००६ मध्ये रेडबबल. २०१५ मध्ये खुद्द अ‍ॅमेझॉन या धंद्यात उतरलं. भारतात या छपाईने तमिळनाडूत मूळ धरलं, यात नवल नाही. होजिअरीचं गाव म्हणून ओळखलं जाणारं तिरुप्पूर तिथेच आहे. कोरा टी-शर्ट जिथे शिवला जातो, तिथेच तो छापून पाठवणं स्वस्त पडतं. अशी छपाई करून देणाऱ्या कंपन्यांपैकी क्विकिंक तिरुप्पूरची, प्रिंटरोव्ह चेन्नईची.

चित्रकाराने आपलं चित्र छापून घरोघर पोचवायचं, ही आकांक्षा मात्र जुनी आहे, आणि तिचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रयोग मुंबईत झाला. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला. यंत्रं जर्मनीहून आली, तंत्रज्ञही जर्मन होते. एकेका चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागायचा, त्यामुळे एका प्रतीसाठी प्रेस चालवणं शक्यच नव्हतं. भरपूर छापा आणि मग गिऱ्हाइकं शोधा, असा तो व्यवहार होता. १८९६ नंतर मुंबईत प्लेगने थैमान घातलं, कर्ज वाढत गेलं. प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, तरी घडी बसली नाही. अखेर रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला, आणि सोबत कित्येक चित्रं छापण्याचे हक्कही दिले. प्रेस पुढे अनेक दशकं चालला. लक्ष्मी आणि सरस्वती कॅलेंडरांवर, मालाच्या लेबलांवर, जाहिरातींवर झळकत राहिल्या, आणि देशभरच्या देवघरांत त्या चित्रांनी जागा घेतली. लोकप्रियतेत त्या चित्रांना तोड नव्हती, तरी चित्रकाराला धंदा परवडला नाही. भांडवल आधी आणि विक्री नंतर, या क्रमाने त्याला बुडवलं.

प्रिंट ऑन डिमांडने हा क्रम उलटा केला. विक्री आधी, खर्च नंतर. त्याची जाहिरात ‘शून्य भांडवल, शून्य धोका’ अशी केली जाते. त्यातलं शून्य भांडवल बरंचसं खरं आहे. धोका मात्र नाहीसा झालेला नाही, तो दुसऱ्याच्या खांद्यावर गेला आहे. कोरे टी-शर्ट घेऊन ठेवणं, लाखोंची यंत्रं बसवणं, ती चालती ठेवायला माणसं नेमणं, हे सगळं आता कुणीतरी दुसरा करतो. फुकट तर तो करणार नाही. त्याची वसुली कुठून होते, हे कळलं की या धंद्याचं बहुतेक गणित उलगडतं.

इथे दोन वेगळ्या वाटा आहेत आणि नवशिका चित्रकार हमखास त्यांची गल्लत करतो. पहिली वाट बाजारपेठेची. रेडबबल किंवा अ‍ॅमेझॉनवर तुम्ही चित्र चढवता, गिऱ्हाईक त्यांचं, दुकान त्यांचं, पैसे घेणार ते, तक्रार ऐकणार ते. तुम्हाला प्रत्येक विक्रीमागे वाटा मिळतो. दुसरी वाट पुरवठादाराची. दुकान तुमचं स्वतःचं, म्हणजे तुमच्या नावाचं संकेतस्थळ. मागे क्विकिंकसारखा, किंवा परदेशी गिऱ्हाइकासाठी प्रिंटफुल-प्रिंटिफायसारखा छापणारा बसलेला. गिऱ्हाइकाला तो दिसतही नाही. रिगा शहरात मुळं असलेल्या प्रिंटफुल आणि प्रिंटिफाय या दोन लॅटव्हियन कंपन्यांनी २०२४ च्या नोव्हेंबरात विलीनीकरण जाहीर केलं, यावरून पडद्यामागच्या या धंद्याचा आकार लक्षात यावा. पहिली वाट जत्रेत गाळा घेण्याची आहे आणि दुसरी आपल्या आळीत दुकान थाटण्याची. जत्रेत माणसं आपोआप येतात, पण शेजारी हजार गाळे असतात. आळीत गाळा एकच, पण तिथवर माणूस आणायची जबाबदारी आपली.

बाजारपेठेतला वाटा किती? रेडबबलवर वर्षानुवर्षं मूळ किमतीवर २० टक्के ही ठरलेली टक्केवारी आपोआप लागलेली असे, आणि ती बदलायची मुभा चित्रकाराला होती. मूळ किंमत हजार रुपये धरली तर गिऱ्हाईक बाराशे देणार, तुम्हाला दोनशे. पण टक्केवारी वाढवली की किंमत वाढते आणि शेजारच्या गाळ्यातलं तसलंच चित्र स्वस्त पडतं. २०२३ च्या मे महिन्यापासून रेडबबलने चित्रकारांच्या खात्यांच्या श्रेणी पाडल्या आणि सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांच्या कमाईतून शुल्क कापायला सुरुवात केली. त्यावर बरीच ओरड झाली. माझ्या मते ओरडणाऱ्यांचा राग समजण्यासारखा होता, पण अनपेक्षित काही घडलं नव्हतं. चढवायला पैसे पडत नाहीत, तिथे चित्रांचा डोंगर साचतो, आणि न विकल्या जाणाऱ्या चित्रांचाही कंपनीला खर्च असतो. तो कधीतरी वसूल होणारच होता. अ‍ॅमेझॉनने हा प्रश्न आधीच दुसऱ्या रीतीने सोडवला होता. तिथे प्रवेश अर्ज करून मिळतो, सुरुवातीला फक्त १० चित्रं ठेवू देतात, आणि विक्री होईल तशी ही मर्यादा वाढत जाते.

स्वतःच्या दुकानाचा हिशेब कागदावर जास्त गोड दिसतो. समजा पुरवठादार टी-शर्ट आणि छपाई मिळून ३०० रुपये घेतो, पाठवणी ७० रुपये, आणि तुम्ही किंमत लावता ६९९. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे, तो किमतीतच धरला तर ३३ रुपये गेले. पैसे ऑनलाइन घेण्याचे २ टक्के, म्हणजे आणखी १४. उरले सुमारे २८०. आता हा गिऱ्हाईक तुमच्या दुकानात आला कसा? इन्स्टाग्रामवर जाहिरात देऊन एक विक्री मिळवायला १५० रुपये गेले, तर हातात १३० उरतात. आकडे धरलेले आहेत, पण आकार असाच असतो. आणि मग येतो कॅश ऑन डिलिव्हरीचा मामला. पार्सल दारात गेलं, गिऱ्हाइकाने ‘नको’ म्हटलं किंवा फोनच उचलला नाही. दुसऱ्या कुठल्या धंद्यात परत आलेला माल पुन्हा विकता येतो. इथे तो टी-शर्ट त्या एका माणसासाठी, त्याच्याच मापात छापलेला होता. छपाईचे ३००, जाण्याचे ७०, परतीचे ७० असे ४४० रुपये तुमच्या खिशातून गेले, म्हणजे तीन टी-शर्टांचा नफा आणि वर काही. जो धोका पुरवठादाराने उचलला असं आपण समजत होतो, तो मागच्या दाराने परत येतो. म्हणून कितीतरी छोटे दुकानदार कॅश ऑन डिलिव्हरी बंदच ठेवतात आणि त्यामुळे कमी होणारी विक्री निमूटपणे सोसतात.

एखादं चित्र महिन्याला चाळीस-पन्नास नग सातत्याने जाऊ लागलं, तर ते प्रिंट ऑन डिमांडवर ठेवण्यात फारसं शहाणपण नाही. एकेक नग छापण्याचा दर घाऊक दरापेक्षा बराच जास्त असतो, आणि खपाची खात्री झाल्यावर तो भरत राहण्याचं कारण उरत नाही. तेवढं एक चित्र स्क्रीन प्रिंटिंगला टाकावं, बाकीची मागणीनुसार छापत राहावीत. कोणतं चित्र चालतं, हे स्वस्तात कळण्याची सोय म्हणून या पद्धतीकडे पाहिलं, तर तिची किंमत जास्त वाटत नाही.

आता छपाईकडे. चित्रकारांच्या बहुतेक निराशा इथे जन्माला येतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी टाळता येण्याजोग्या असतात.

सुती टी-शर्टवर थेट छापणाऱ्या यंत्राला डीटीजी म्हणतात. ते घरातल्या इंकजेटचंच थोरलं भावंड आहे, कागदाऐवजी कापड घेतं. पांढऱ्या कापडावर काम सोपं असतं. काळ्या कापडावर मात्र आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो आणि त्यावर रंग. ती पांढरी शाई कापडात झिरपून जाऊ नये, म्हणून त्याआधी कापडावर एक द्रावण फवारून ते दाबून सुकवतात. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते जड, तळाशी बसणारं, त्यामुळे शाई सतत फिरती ठेवावी लागते, नाहीतर छपाईची तोंडं चोंदतात. काळा टी-शर्ट पांढऱ्यापेक्षा महाग का पडतो, याचं उत्तर या थरात आहे. चित्रकारासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. चित्रात धुक्यासारखे, अर्धपारदर्शक भाग असतील, तर यंत्र त्यांच्याखालीही पांढरा थर घालतं, आणि पडद्यावर अलवार दिसणारी सावली काळ्या कापडावर पांढुरक्या डागासारखी उमटते. जलरंगांत काम करणाऱ्यांना याचा सर्वाधिक फटका बसतो. त्यांनी आपली चित्रं पांढऱ्या कापडावरच ठेवावीत, किंवा कडा स्पष्ट कापून घ्याव्यात.

डीटीएफ या दुसऱ्या पद्धतीत चित्र आधी एका प्लास्टिकच्या फिल्मवर छापतात, ओल्या शाईवर गोंदाची पूड भुरभुरवतात, ती वितळवतात आणि मग हीट प्रेसखाली कापडावर उतरवतात. सुती, पॉलिस्टर, काहीही चालतं, रंग झगझगीत येतात. पण मोठं चित्र असलं की छातीवर प्लास्टिकचा पत्रा बसवल्यासारखं वाटतं, आणि मे महिन्यात नागपूरला असा टी-शर्ट घालणाऱ्याचा शाप चित्रकाराला लागतो. चहाचे मग, उशीचे अभ्रे, पॉलिस्टरच्या जर्सी यांच्यासाठी सब्लिमेशन. यात शाई उष्णतेने वायुरूप होऊन पॉलिस्टरच्या तंतूंत शिरते, म्हणून ती सोलली जात नाही. मग चिनी मातीचा असला तरी त्यावर पॉलिमरचा लेप असतो, तो असल्याशिवाय चित्र चढतच नाही. सब्लिमेशनला पांढरी शाई नसते. त्यामुळे वस्तू पांढरी किंवा फिकटच लागते, आणि चित्रातला पांढरा म्हणजे त्या वस्तूचा स्वतःचा रंग.

पडद्यावरचे रंग आणि कापडावरचे रंग जुळत नाहीत, ही तक्रार सार्वत्रिक आहे. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कापडावर शाई असते, आणि पडद्यावरचा निऑन हिरवा किंवा गर्द निळा शाईला साधतच नाही. फाइल किती मोठी असावी, याला मात्र सरळ उत्तर आहे. अ‍ॅमेझॉन टी-शर्टसाठी ४५०० बाय ५४०० पिक्सेलची पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल मागतं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून १५ बाय १८ इंच. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवलेला फोटो इथे चालत नाही, हे सांगण्याची गरज नसावी, पण आहे.

देवनागरी अक्षरं छापणाऱ्यांची आणखी एक डोकेदुखी असते. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर जोडाक्षरं सुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि ‘गर्व’ लिहिलेला टी-शर्ट भलतंच काही सांगू लागतो. म्हणून छपाईला देण्याआधी अक्षरांचं रूपांतर आकृतीत करून टाकायचं. बारीक अक्षरांत अनुस्वार आणि ‘ष’च्या पोटातली रेघ शाईने बुजते, तेव्हा वळणं थोडी मोकळी ठेवलेली बरी. फॉन्टचा परवानाही पाहावा. मुंबईच्या एक टाइपने केलेले बलू आणि मुक्त हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, ते वापरून केलेली चित्रं विकायला हरकत नाही. संगणकात आपोआप सापडलेल्या प्रत्येक फॉन्टबद्दल असं म्हणता येत नाही.

काय विकलं जातं, याबद्दल बोलणारे फार आहेत आणि त्यांच्या यूट्यूब चॅनेलची कमाई बहुधा त्यांच्या टी-शर्टांच्या कमाईपेक्षा जास्त असावी. एवढं मात्र खरं की सगळ्यांना आवडेल असं चित्र कुणीच विकत घेत नाही. टी-शर्ट घालणारा स्वतःबद्दल काहीतरी सांगत असतो. नुसता डोंगर चालत नाही, पण हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ओळखणारा माणूस तो पाहून थांबतो. नुसतं वाद्य चालत नाही, पण ढोल-ताशा पथकातल्या पोराला त्याचाच ढोल हवा असतो. आणि बाजारपेठेचं शोधयंत्र शीर्षक आणि टॅग वाचतं, त्यामुळे पैठणीवरच्या मोराला इंग्रजीतही नाव द्यावं लागतं. मराठी गिऱ्हाईकसुद्धा शोधताना बहुतेक वेळा रोमन अक्षरंच टंकतं.

परदेशातला मराठी माणूस हा या पद्धतीचा सगळ्यात नैसर्गिक गिऱ्हाईक आहे. पुण्याहून न्यू जर्सीला एक टी-शर्ट पाठवायचा तर पाठवणीच टी-शर्टापेक्षा महाग, वर सीमाशुल्काची कटकट. प्रिंट ऑन डिमांडमध्ये फाइल पुण्यात बनते आणि टी-शर्ट अमेरिकेतच छापला जातो. तिथल्या महाराष्ट्र मंडळांना गणेशोत्सवासाठी पस्तीस टी-शर्ट लागतात, पाचशे नाही. आणि पस्तीस हा आकडा या पद्धतीसाठीच केल्यासारखा आहे.

कायद्याच्या बाबतीत दोन बाजूंनी सावध राहावं लागतं, आपण दुसऱ्याचं घेत नाही ना आणि आपलं दुसरा घेत नाही ना. पहिल्या बाजूचा गमतीशीर खटला ऑस्ट्रेलियातला. पिकाचूची चित्रं विकल्याबद्दल पोकेमॉन कंपनीने रेडबबलला न्यायालयात खेचलं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने हक्कभंग झाल्याचं मान्य केलं आणि नुकसानभरपाई दिली एक डॉलर. हसण्याआधी पुढचं वाक्य वाचावं: पोकेमॉनच्या खटल्याच्या खर्चापैकी ७० टक्के रेडबबलने द्यायचे, असाही आदेश झाला. बाजारपेठा त्यानंतर ओळखीच्या पात्रांची चित्रं झपाट्याने काढून टाकतात आणि वारंवार तसं करणाऱ्याचं खातंच बंद करतात.

आपल्याकडच्या काही मर्यादा बहुतेक चित्रकारांच्या गावीही नसतात. १९५० च्या बोधचिन्हं आणि नावं यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत महात्मा गांधी आणि पंडित नेहरूंबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. व्यापारासाठी ते वापरायचं तर केंद्र सरकारची परवानगी हवी. या कलमाची आणि किल्ल्यांच्या पायथ्याशी असलेल्या टी-शर्टांच्या स्टॉलची आजवर गाठ पडलेली दिसत नाही, पण परदेशी बाजारपेठेचं कायदा खातं आणि पायथ्याचा स्टॉल यांत फरक आहे. राष्ट्रध्वज उशी, रुमाल किंवा कपड्याच्या कापडावर छापणं हा १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यानुसार ध्वजाचा अवमान ठरतो. नटनट्यांच्या चित्रांचंही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, प्रतिमा, आवाज आणि त्यांची ‘झकास’ म्हणण्याची लकब यांच्या विनापरवाना व्यापारी वापराला अंतरिम मनाई केली. नुसता ‘झकास’ हा शब्द कुणाच्या मालकीचा होत नाही, पण त्याशेजारी त्यांच्या मिशा काढल्या की अडचण सुरू होते.

वारली चित्रांबद्दल कायद्यापलीकडचंही बोलायला हवं. लग्नाच्या वेळी घरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढणाऱ्या सुवासिनींची ही कला. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागदावर आणली, जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव लावून माल विकण्याचा हक्क नोंदणी झालेल्या वापरकर्त्यांचा. तरीही शोधयंत्रात हे नाव टाका, त्रिकोणी माणसांची तारपा नाचणारी रांग असलेले मग पानोपानी दिसतील. काढणाऱ्याने डहाणू पाहिलेलं असेलच असं नाही. एखाद्या वारली चित्रकाराबरोबर वाटा ठरवून काम करणं कठीण नाही. फाइल एक आणि हिशेब संगणकावर, प्रत्येक विक्रीचा अर्धा भाग त्याला देणं कधी नव्हे इतकं सोपं झालेलं आहे.

आता दुसरी बाजू. २०१९ च्या डिसेंबरमध्ये ट्विटरवरच्या चित्रकारांच्या एक गोष्ट लक्षात आली. कुणाच्या चित्राखाली ‘हे मला टी-शर्टवर हवं’ असं लिहिलं, की काही तासांत ते चित्र चोरून विकणाऱ्या संकेतस्थळांवर त्याचा टी-शर्ट उगवतो. माणूस पाहतच नव्हता, संगणकाचा बॉट ते वाक्य हुडकून चित्र उचलत होता. चित्रकारांनी मग ‘हे संकेतस्थळ चोरलेली चित्रं विकतं’ असं लिहिलेलं एक चित्र टाकलं आणि शेकडोंनी त्याखाली तेच वाक्य लिहिलं. बॉटने ते इमानाने उचलून विक्रीला लावलं. मग कुणी मिकी माऊस काढला, म्हणजे निदान डिस्नेचे वकील तरी जागे होतील. मागणीनुसार छपाईमुळे चोरालाही साठा करावा लागत नाही, पकडला गेला तर पान पुसून टाकायचं. समाजमाध्यमांवर छपाईला न पुरणाऱ्या छोट्या आकाराचंच चित्र टाकणं, एवढा एक साधा उपाय चित्रकाराच्या हातात आहे.

भारतात चित्र काढताक्षणी त्याचा स्वामित्वहक्क चित्रकाराचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. करायची तर मालावर वापरायच्या चित्राचं शुल्क २,००० रुपये आहे, निव्वळ चित्राचं ५००. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये एक खाच आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी पण न नोंदवलेली आकृती औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त नगांवर उतरली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. स्वतंत्र कलाकृती कुठे संपते आणि मालावरचं डिझाइन कुठे सुरू होतं, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं काथ्याकूट झाला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठरवण्याच्या कसोट्या सांगितल्या. ज्याची चित्रं खरोखर खपू लागली आहेत, त्याने वकिलाला एकदा विचारावं. बाकीच्यांनी मूळ कागद, कच्ची रेखाटनं आणि तारखा असलेल्या फाइली जपून ठेवाव्यात. चित्र आधी चित्र म्हणून जन्मलं, हे दाखवायला त्या उपयोगी पडतात.

कराच्या दृष्टीने वर सांगितलेल्या दोन वाटांवरचे चित्रकार दोन वेगळे व्यावसायिक आहेत. बाजारपेठेत चित्र ठेवणारा माल विकत नाही, तो चित्र वापरण्याची परवानगी देतो. तो सेवा देणारा ठरतो, आणि वर्षाला २० लाखांपर्यंत त्याला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. स्वतःच्या दुकानातून टी-शर्ट विकणारा व्यापारी ठरतो, आणि त्याचा पहिलाच टी-शर्ट इंदूरला किंवा बेळगावला गेला तर राज्याबाहेर माल विकला म्हणून नोंदणी लागते, उलाढाल कितीही असो. अ‍ॅमेझॉनसारखी अमेरिकी कंपनी मानधन देताना डब्ल्यू-८बीईएन नावाचा फॉर्म भरून घेते. त्यात पॅन क्रमांक देऊन भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला, तर तिथल्या विक्रीच्या मानधनावर १५ टक्के कर कापतात, नाही मागितला तर ३० टक्के. तिथे कापलेल्या कराचं श्रेय इथल्या विवरणपत्रात मागता येतं, त्यासाठीचा वेगळा फॉर्म मुदतीत भरावा लागतो. परदेशातून पैसे आल्याची बँकेची पावती दर वेळी मागून घ्यावी. बँका ती आपणहून देतातच असं नाही.